तलावाकाठच्या घरातला पेला

"फोटो कोणी काढला?"

घानाहून मी पाठवलेल्या प्रत्येक फोटोवर बाबांचा हा एकच प्रश्न. किल्ला कुठला, समुद्र कुठला, काही नाही. मीच काढला म्हटलं की म्हणायचे, "म्हणजे एकटीच हिंडतेस."

एकटीच हिंडत होते, खोटं कशाला सांगू? लंडनला मास्टर्स झालं, वेम्बलीत खोली घेतली आणि व्हॉलंटियर ट्रेनी म्हणून घानातल्या एका शाळेत तीन महिन्यांसाठी निवड झाली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी संधी मिळेल तिथे सांगते, मला आवडतं सांगायला.

आम्ही पाच ट्रेनी. बाकीचे चौघं एकाच युनिव्हर्सिटीतले. पहिल्या शनिवारी केप कोस्टचा किल्ला सगळ्यांनी मिळून पाहिला. दुसऱ्या शनिवारी त्यांच्यातली एक म्हणाली, "टॅक्सीत चारच जण बसतात गं. यू डोन्ट माइंड, डू यू?"

"नो, नो," मी म्हटलं. त्यानंतर मी ट्रोट्रोने जायला लागले. ट्रोट्रो म्हणजे तिकडची काळीपिवळी, भरल्याशिवाय न हलणारी. ककुमच्या जंगलात झाडांच्या शेंड्यांवरून दोरांचा पूल बांधलाय. माझ्यापुढे एक कुटुंब, मागे एक कुटुंब, सगळे मनसोक्त किंचाळत होते. मलाही किंचाळायचं होतं, पण एकटीने किंचाळायची लाज वाटली.

मग एकदा शाळेत माझ्यासोबत शिकवणारी बाई म्हणाली, "बोसोम्त्वे तलाव बघायला चाललीस ना? काठावरच माझं माहेर आहे. आईला भेटून ये. मी तिला कळवलंय."

मला कोणी घरी बोलावलं ते तीन महिन्यांत पहिल्यांदा. लंडनची दोन वर्षं धरली तरी पहिल्यांदाच. निघताना तिने रीतही सांगितली: पाहुणा बसला की आधी त्याला पाणी देतात आणि मगच विचारतात, का आलास. तो प्रश्न आला की समज, तुला घरात घेतलं. मला तो प्रश्न हवा होता. तलाव तर बोलवायच्या आधीच ठरला होता.

तलावावरचे कोळी नावेऐवजी नुसती फळी वापरतात, तिच्यावर पालथे पडून हातांनी पाणी मागे सारतात. ते बघत पाच मिनिटं उभी राहिले आणि घर गाठलं. अंगणात बाईची म्हातारी आई, भावाची बायको आणि शेजारचे तिघं-चौघं बसले होते. उजवीकडून सुरुवात करून सगळ्यांशी हात मिळवले. मला खुर्ची दिली. ताटलीवर काचेचा पेला आला.

मी तो उचलला, मान मागे केली आणि वरून पाणी प्यायले. एक थेंब सांडला नाही.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. म्हातारी काहीतरी पुटपुटली. सुनेने पेला आत नेला. एक कोंबडी खुर्चीखालून गेली. प्रश्न काही आला नाही. शेवटी मीच सुनेला विचारलं, माझं काय चुकलं?

ती इंग्रजीत म्हणाली, "सासूबाई विचारताहेत, तुमच्या देशात पेल्यालाच तोंड लावत नाहीत, की फक्त आमच्या पेल्याला?"

वरून प्यायला मी पुण्याच्या हॉस्टेलमध्ये शिकले. पहिल्या दिवशी खोलीतल्या बाटलीला तोंड लावलं, तर एकीने हसत हसत ती बेसिनमध्ये रिकामी केली. आठवड्याभरात मी अशी तयार झाले की त्या सगळ्यांपेक्षा सफाईने प्यायला लागले. अभिमान होता त्याचा. आणि बाबा गवंड्याच्या हाताखाली राबायचे. ज्यांच्या भिंती उभ्या केल्या, त्यांनीच त्यांना पायरीखाली बसवून ओंजळीत वरून पाणी ओतलेलं मी पाहिलंय. आमच्या लोकांना पेला द्यायचे नाहीत.

आणि इथे मला पेला दिला होता.

"आजी, अजून पाणी द्याल?" मी म्हटलं. सुनेने सांगितलं त्यांना. पेला परत आला. या वेळी तो ओठाला लावला आणि रिकामा होईपर्यंत काढला नाही.

म्हातारी हसली. "तहानली होती तर!" मग खुर्ची जवळ ओढून तिने सुनेकरवी विचारलं, "बोल, काय काम काढलंस?"

"काही नाही. तलाव बघायला आले."

"एवढ्या लांबून? तलाव बोलतो का तुझ्याशी?"

अंगण हसलं. मीही हसले.

निघताना सुनेने माझ्या फोनवर माझा आणि आजींचा फोटो काढला. कोपऱ्यात तिचं बोट आलंय. तो पाठवल्यावर बाबांचा फोन आला.

"फोटो कोणी काढला?"

"त्या घरच्या सुनेने."

"घरात घेतलं तुला?"

"हो."

"पाणी दिलं?"

"दिलं."

"पेल्यात?"

"काचेच्या."

 बाबा फोन लांब धरून आईला म्हणाले, "अगं, पेल्यात दिलं तिला. काचेच्या."

तो पेला मी आधी कसा प्यायले, ते त्यांना सांगितलं नाही. अजूनही नाही. वेम्बलीच्या या घरात आम्ही चौघं भाडेकरू, किचनमध्ये चौघांचे चार मग. मी माझ्या मगला तोंड लावूनच पिते. बघायला कोणी नसतं.