काकांची साक्ष

वाशीमला आमच्या शेजारी मेथी-पालक पिकवणारे एक काका आहेत. ते कुणावर पटकन विश्वास ठेवत नाहीत. बियाणं घेतानाही चार दाणे दाताखाली फोडून पाहतात.

मस्कतहून मी पासपोर्ट नूतनीकरणाला दिला, तेव्हा चौकशीला आलेल्या पोलिसाने त्यांची साक्ष मागितली. काकांनी आधी मला व्हिडिओ कॉल लावला आणि डोळे बारीक करून पाहत राहिले.

"टोपी काढ. कपायावरची खूण दाखव."

मी दाखवली.

"विहिरीत पडला तवा तुले कोनं काढलं?"

"तुमीच, काका."

ते पोलिसाकडे वळले. "सही करतो, साहेब. पोरगा तोच हाये. पन सा महिने मायले फोन न करनारा हा कोन, ते मले मालूम नाही."

पोलीस हसला. काका हसले नाहीत.