सत्तेचाळिसाव्या पानावरची खूण

अंबुजाबाईंचा भुतांवर काडीचा विश्वास नव्हता, आणि माणसांवर तर त्याहूनही नव्हता. तरी भुताच्या गोष्टी त्या अधाशासारख्या वाचत. सकाळी अकराला स्वयंपाक उरकून, दार सताड उघडं टाकून पुस्तक घेऊन बसायच्या. गोष्टीतल्या बंद बंगल्यात पैंजण वाजले की दुसरी कोणी असती तर घटाघटा पाणी प्यायली असती. या मात्र नाक उडवून म्हणत, “भूत कशाचं? हा त्या मेहुण्याचा कारभार आहे.” सात-आठ गोष्टींत मेहुणाच निघाला होता, हेही खरं. ज्या गोष्टीत भूत शेवटपर्यंत भूतच राही, तिच्या लेखकाला त्या दिवसभर नावं ठेवत बसत.

त्यांचा तरी काय दोष म्हणा! तंजावरकडच्या मराठी घरातली ही बाई चेन्नईतल्या एका बँकेत एकतीस वर्षं सह्या तपासत होती. चेकवरची सही आणि कार्डावरची सही शेजारी धरायची, आणि खरी की खोटी ते सांगायचं. खोटी सही करणारा हात जपून चालतो, खरी सही बेफिकीर असते, हे त्यांचं ठाम मत होतं आणि ते सहसा चुकत नसे. नोकरी संपून अकरा वर्षं झाली, नवरा गेला, मुलगा श्रीहरी सिरुसेरीला नोकरीच्या जवळ बिऱ्हाड करून राहिला, पण बाईंची नजर काही निवृत्त झाली नाही. दूधवाला, वॉचमन, वरच्या मजल्यावरचा हसतमुख डॉक्टर, सगळे त्यांच्या लेखी संशयितच होते.

अण्णा नगरात, त्यांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, रत्नाकर नावाच्या गृहस्थाची लेंडिंग लायब्ररी आहे. रत्नाकरही तंजावरकडचाच. तिथे तमिळ कादंबऱ्या, आणि साप्ताहिकांतून क्रमशः आलेल्या गोष्टींची पानं फाडून, शिवून बांधलेले जाडजूड गठ्ठे असतात. सगळ्यांची नावं सारखी, मुखपृष्ठावरच्या किंचाळणाऱ्या बायकाही सारख्या. म्हणून वाचलेलं पुस्तक पुन्हा घरी येऊ नये यासाठी तिथल्या प्रत्येक जुन्या वाचकाची आपली एक खूण असते. कोणी तेराव्या पानावर टिंब देतं, कोणी शेवटच्या पानावर गोल काढतं. रत्नाकर कुरकुरतो, पण खोडत नाही. अंबुजाबाई सत्तेचाळिसाव्या पानाच्या आकड्याखाली पेन्सिलीने विळ्यासारखी वाकडी, पण तांदळाएवढी बारीक रेघ ओढत. कपाटापाशी उभ्या उभ्या ते पान उघडून पाहायचं, आणि रेघ नसेल तरच पुस्तक घ्यायचं.

गेल्या वर्षी पोंगलच्या सणानंतर त्यांना त्यांची रेघ भलत्याच पुस्तकांत दिसू लागली. न वाचलेल्या पुस्तकांत! पहिल्यांदा त्यांनी दुर्लक्ष केलं आणि रेघ असलेली पुस्तकंही खुशाल घरी नेऊन वाचली. महिनाभरात अशी नऊ पुस्तकं सापडली, तेव्हा मात्र त्यांना दुर्लक्ष करवेना.

त्याला कारण होतं. त्यांची आई शेवटची चार वर्षं पोटच्या मुलीला “तुम्ही कोणाकडे आलात?” असं विचारत असे. रेघा खऱ्या असतील तर त्याचा अर्थ एकच होता, आणि तो बाईंना मनातल्या मनातही उच्चारायचा नव्हता. तेव्हा रेघा खोट्या असायलाच हव्या होत्या. कोणीतरी मुद्दाम हे करत होतं आणि त्याला पकडणं भाग होतं.

पहिला संशय अर्थातच रत्नाकरवर. त्यांनी त्याला सरळ विचारलंच. “अक्का,” तो कपाळाला हात लावून म्हणाला, “तुमच्या पुस्तकात रेघ ओढून मज काय मिळणार?” बाईंनी रात्रंदिवस विचार केला. खरोखरच काही मिळण्यासारखं नव्हतं.

मग उरली शशिकला. ती खालच्या मजल्यावर राहणारी, त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान, त्यांच्यासारखीच तंजावरकडची. साखरेच्या दुखण्याने तिचे डोळे गेल्यात जमा होते, बारीक अक्षर वाचवत नसे. म्हणून रोज संध्याकाळी बागेतल्या बाकावर अंबुजाबाई तिला वाचलेली गोष्ट सांगत, अगदी खुनी कोण यावरच्या आपल्या तर्कांसकट. खुणेचं पान फक्त तिलाच ठाऊक होतं. लायब्ररीतही ती कधीमधी सोबत येई. पुरावा चोख होता.

“खरं सांग, शशी,” एका संध्याकाळी त्यांनी बाकावर बसल्या बसल्या विषय काढला. “माझी रेघ तूच ओढतीस न? माझी थट्टा करतीस?”

शशिकलेने तोंड उघडलं, मिटलं, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. कादंबऱ्यांत असा गप्प राहणारा माणूस नेमका कोण असतो, ते अंबुजाबाईंना पाठ होतं. त्या तडक उठल्या आणि एकट्याच घरी आल्या. दोन महिने त्यांनी तिच्याशी शब्द बोलायचं टाकलं. तिच्यावाचून फार सुनं वाटलं, पण तसं त्यांनी कोणाला दाखवलं नाही.

त्या दोन महिन्यांत त्यांनी सापळा लावला. खूण बदलली. आता एकशे बाराव्या पानावर, शिवणीच्या आत, दोन तिरप्या रेघा. कोणाला सांगितलं नाही, कुठे लिहिलं नाही. आता खोटी खूण जुन्याच पानावर पडणार आणि चोर आपोआप उघडा पडणार, असा हिशेब होता.

सातव्या आठवड्यात त्यांनी धरणाजवळच्या डाकबंगल्यातल्या भुताचं एक पुस्तक काढलं. सत्तेचाळिसावं पान कोरं होतं. खूश होऊन त्यांनी एकशे बारावं उघडलं. शिवणीच्या आत दोन तिरप्या रेघा होत्या.

त्या रत्नाकरच्या स्टुलावर बसल्या. पर्समधून भिंग काढलं, बँकेतलंच. रेघेची सुरुवात दाबून, शेवट उजवीकडे निसटता. हात कुठे अडखळला नव्हता, कुठे जपून चालला नव्हता. एकतीस वर्षं अशी रेघ पाहिली की त्या मान न उचलता शिक्का मारत. त्यांनी पुन्हा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं. हात त्यांचाच होता. डाकबंगल्याची गोष्ट काय होती, कोण मेलं, कोणी मारलं, यातलं त्यांना अवाक्षरही आठवेना. तेव्हा मात्र बाई घाबरल्या, आयुष्यात कुठल्याही पुस्तकाला घाबरल्या नव्हत्या इतक्या.

तिथून त्या थेट शशिकलेच्या दारात गेल्या.

“एकच गोष्ट मी तुज पुन्हा पुन्हा सांगट्ली का गं?”

“आत ये, अक्का. ऊन केवढं आहे!”

“आधी सांग.”

शशिकलेने त्यांचा हात धरला. “त्या आंधळ्या नादस्वरवाल्याची तीन वेळ सांगट्लीस. बाकीच्या अस्क्या दोन-दोन वेळ.”

“आणि तू ऐकत बसलीस?”

“दर वेळी तुझा संशय वेगळ्याच माणसावर. मज गंमत वाटायची.” ती हसली आणि लगेच तिचा चेहरा पडला. “मग गंमत वाटेना.”

“त्या दिवशी बाकावर मी तुज एवढं बोलली. तेव्हा का नाही सांगितलंस, मी केलं नाही म्हणून?”

“मी नाही, तर मग कोण?” शशिकला म्हणाली. “ते मज बोलवेना, अक्का.”

अंबुजाबाई तिच्या खुर्चीत बसून रडल्या. दोन महिने उगाच घालवले याचं रडणं होतं, आईचंही होतं, आणि पुढे जे येणार त्याचं तर होतंच. पुष्कळ वेळाने त्यांनी डोळे पुसले. श्रीहरीला आजच फोन करायचा असं ठरलं. मात्र डॉक्टरकडे शशिकलेनेच सोबत यायचं, असा त्यांनी हट्ट धरला. “तो भीतीने मला बरं वाटेल तेच बोलेल. तू खरं बोल. माझी दया करू नको.”

मंगळवारची वेळ मिळाली. निघण्याआधी शशिकलेने त्यांना आपल्याकडे बसवून चार इडल्या खायला घातल्या.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. वार विचारला, तो बाईंनी बरोबर सांगितला. शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं, ते त्यांनी बँकेच्या वेगाने करून दाखवलं. बाईंना जरा धीर आला.

“आज सकाळी काय खाल्लंत?” डॉक्टरांनी सहज विचारलं.

“पोंगल,” अंबुजाबाई बेधडक म्हणाल्या. “आणि एक वडा.”

त्यांनी वळून शशिकलेकडे पाहिलं. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं.

“इडली, अक्का,” ती हळूच म्हणाली. “चार.”

तोंडात पोंगलमधल्या मिऱ्याची चव अजून होती, तुपाचीसुद्धा. अंबुजाबाईंना शपथेवर सांगता आलं असतं. त्या थोडा वेळ आपल्या हातांकडे पाहत राहिल्या आणि मग डॉक्टरांकडे वळल्या.

“ती सांगते तेच लिहा,” त्या म्हणाल्या.