चिंचोळीच्या रानातली शिट्टी

परवा नौबादला सीताफळांच्या गाड्याजवळून जाताना पिकल्या फळांचा वास आला आणि मला चिंचोळीचं रान आठवलं.

नवं लग्न झालं होतं. आम्ही दोघं सीताफळं तोडायला गेलो होतो. रानात शिरण्याआधी ह्यांनी माझ्या गळ्यात शिट्टी अडकवली आणि पदराला गुळाचा खडा बांधायला लावला.

"वाट चुकलीस तर हिंडू नको. जाग्यावर बस, शिट्टी वाजव."

"मी काय लेकरू हाय व्हय?" मी हसले.

फळांच्या नादात मी ओढा ओलांडला आणि पाय घसरून घोटा मुरगळला. हाका मारल्या, पण उत्तर आलं नाही. सागाचं पान वाजलं तरी मी दचकून मागं बघायचे. गूळ चघळत, शिट्टी फुंकत मी तिथंच बसून राहिले. ऊन कललं तेव्हा काट्यांनी ओरबाडलेले हे धापा टाकत आले.

"कामून रडायलीस? आलो न्हवं मी!"

मला उठवताना त्यांचेच हात थरथरत होते. त्याचं तेव्हा मला नवल वाटलं होतं.

हे गेल्यापासून घरात माझ्याशिवाय कुणी नसतं. ओढ्याच्या अलीकडं मला शोधत फिरताना त्यांना काय वाटलं असेल, ते आता कळतं.