शिवलेले चेहरे

कळमनुरीच्या एका खासगी दवाखान्यात मी डॉक्टर होते. एका भर दुपारी ट्रॅक्टरखाली सापडलेल्या माणसाला आणलं, तेव्हा त्याचा जीव आधीच गेलेला होता. तसं सांगितलं आणि त्याच्या धाकट्या भावानं सलाइनचा स्टँड उचलून माझ्या तोंडावर घातला. गालाचं हाड मोडल्याचा आवाज मला आतून ऐकू आला. खाली पडल्यावर लाथा बसल्या. सिस्टरनं मला काखांत हात घालून औषधांच्या खोलीत ओढलं आणि कडी लावली. बाहेर काचा फुटत राहिल्या.

डावा डोळा अधू राहिला. बरी झाल्यावर कामावर गेले, पण दार आपटलं की हातातली सुई थरथरायची. अशा हातानं दुसऱ्याची कातडी शिवणं मला पटेना. कॉलेजपासूनचा एक कॅमेरा घरी होता. खिडकीशी बसून मी त्यात स्वतःचाच चेहरा टिपला. गालावरचा व्रण मी त्या फोटोत पहिल्यांदा नजर न चुकवता बघितला.

नोकरी सोडून आता असे फोटो काढणार, असं जेवताना सांगितलं. वडिलांनी समोरचं ताट भिंतीवर भिरकावलं. एवढं डॉक्टर होऊन लग्नातले फोटो काढणार का, म्हणाले. लग्नातले नाही, जखमांचे, म्हटल्यावर ते उठून गेले. आई भिंतीवरचं वरण पुसत बसली.

एका बाईचा गळा मी पूर्वी शिवला होता. नवऱ्यानं विळा मारला होता. आता ती शिरड शहापूरला माहेरी राहत होती. मी तिच्याकडे गेले. फोटो हिंगोलीच्या प्रदर्शनात, चारचौघांत लागेल, हे आधीच सांगितलं. मग तिनं गळ्याभोवतीचा पदर स्वतःच सोडला.

"हसू का?"

"तुम्हाला वाटलं तर."

ती हसली नाही.

हिंगोलीतल्या एका लहानशा सभागृहात प्रदर्शन भरलं. दुसऱ्या दिवशी तिचा दीर आला. आमच्या घरची इज्जत भिंतीला टांगली, म्हणत त्यानं तिच्या फोटोवर बुक्की मारली. काच फुटून त्याच्याच मनगटात घुसली. रक्त उडालं. लोकांनी त्याला दाबून धरलं आणि मी ओढणीनं मनगट आवळलं. तो मला शिव्या देत राहिला, मोकळ्या हातानं माझे केस ओढत राहिला.

त्याला दवाखान्यात नेल्यावर मी तिला फोन केला. झालेलं सांगितलं आणि फोटो भिंतीवरून उतरवते म्हटलं.

"काहून?" ती म्हणाली. "गळा झाकून लय दिवस काढले मी. ऱ्हाऊ द्या तिथंच."

"तो परत येईल."

"येऊ द्या. भावानं काय केलं ते त्याला बी दिसू द्या."

काचेशिवायच तो फोटो मी पुन्हा लावला. मग खुर्ची दाराकडे वळवून संध्याकाळपर्यंत तिथंच बसले.