घराण्यातली पहिली डॉक्टर
सिंगापुरात, तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, टोस्ट भाजल्याचा वास आला की मला ती दुपार आठवते. लेक, बायको आणि मी एका पॉलिटेक्निकचं ओपन हाऊस, म्हणजे प्रवेशाआधी कॉलेज दाखवण्याचा दिवस, बघून तिथे बसलो होतो. वर पंखा घरघरत होता, कॉफीचे पेले टेबलाला चिकटत होते. लेकीचं ठरलं होतं, याच कॉलेजात मेडिकल सोशल वर्कचा डिप्लोमा. मला मात्र तिला डॉक्टर करायचं होतं. तेवढ्यात पुण्याहून थोरल्या भावाचा फोन आला. "काय ठरलं रे पोरीचं?" मी म्हणालो, "मेडिकलला चाललीय." "शाब्बास! घराण्यातली पहिली डॉक्टर!" दादाचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता; मी घाईनं फोन ठेवला. लेकीनं हातातला टोस्ट खाली ठेवला. "बाबा, नॉट डॉक्टर ला!" ती सिंगापुरी ढंगात म्हणाली. "सांगा ना काकांना." "सांगू नंतर," मी म्हणालो. ते 'नंतर' कित्येक वर्षं आलंच नाही; लेक तो डिप्लोमा करून हॉस्पिटलात लागली, आणि दादा तिला डॉक्टर समजून परवापर्यंत आपले रक्ताचे रिपोर्ट पाठवत होता. काल मी त्याला खरं सांगून टाकलं. तो रागावला नाही. "बरं, मग हॉस्पिटलात ती करते तरी काय?" एवढंच त्यानं विचारलं. "तिलाच विचारतो," मी म्हणालो, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते विचारायला लेकीला फोन लावला.