मावशीने सांगितलेला सिनेमा

“थांबा रे पोरहो, मी सांगतो,” असं म्हणत मावशी कणकेचे हात तसेच घेऊन पडद्याजवळ येऊन उभी राहायची.

पडदा म्हणजे भिंतीवर ताणलेली चादर. मानोरा गावाजवळच्या आमच्या आश्रमशाळेत मावशी स्वयंपाकीण होती आणि मी शिक्षिका. बहुतेक मुलं तांड्यांवरची. दिवाळी झाली की त्यांचे आईबाप ऊसतोडीला जायचे. शनिवारी दुपारी खिडक्यांना सतरंज्या लावून मी मुलांना कार्टूनचे सिनेमे दाखवायचे. एक विसरभोळी परी आणि तिचा कुरकुऱ्या बेडूक यांची मालिका सगळ्यांची लाडकी. पण हिंदी फार भरभर, लहानग्यांना कळायचं नाही. म्हणून मावशी सांगायची.

तिचं सांगणं पडद्याशी जुळेलच असं नाही. राजवाड्यातल्या मेजवानीत तिला पिठलं-भाकर दिसायची. परी रस्ता चुकून रडायला लागली की म्हणायची, “रडून नाही राह्यली ते, कांदा चिरून राह्यली.” मुलं खिदळायची. मी एकदा टोकलं, तर म्हणाली, “मॅडम, या पोरायचे मायबाप आधीच दूर. अजून कायले रडवा लागते?” अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

मालिकेचा शेवटचा भाग तिने आधी माझ्या फोनवर पाहिला. त्यात बेडूक कायमचा आपल्या तळ्यात जातो आणि परी एकटीच घरी येते. मावशीने फोन माझ्या हातात परत दिला. “हा इतक्यात नोका दाखवू. सुट्ट्या लागाच्या आधी दाखवू,” एवढंच म्हणाली. तेव्हा तिच्या दवाखान्याच्या चकरा सुरू होत्या. आम्हाला तिने सांगितलं होतं, पित्त आहे.

एप्रिलमध्ये तो शेवटचा भाग लावला. मावशी त्या दिवशी खुर्चीवर बसून सांगत होती. बेडूक तळ्याकडे निघाला तशी पहिलीतली एक मुलगी तिच्या मांडीला चिकटली. त्या मुलीची आई मागच्या वर्षी वारली होती.

“मावशी, वापस येईन ना तो?”

आता ही काहीतरी रचेल, असं मला वाटलं.

“नाही वं बाई,” मावशी म्हणाली. “नाही येत. गेला तो.”

मुलगी हमसून रडली. मावशीने तिला उगी केलं नाही, नुसती जवळ धरून बसली. सिनेमा संपला तरी सतरंज्या काढायला कोणी उठलं नाही.

नंतर स्वयंपाकघरात मी विचारलं, “मावशी, आज खरं काहून सांगितलं?”

“कोनी तं सांगाले पाह्यजे,” ती म्हणाली. “आन् सांगितल्यावर जवळ बसाले बी पाह्यजे.”

मे महिन्यात मावशी वारली.

जूनच्या अखेरीस शाळा उघडली. ती मुलगी पत्र्याची पेटी वऱ्हांड्यात टाकून थेट स्वयंपाकघराकडे पळाली. आत नवी बाई दिसली, तशी दारातच थबकली. मी मागोमाग गेले. ‘मावशी गावाला गेली’ एवढं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. उंबऱ्यावर बसले, तिला मांडीवर घेतलं, आणि मग सांगितलं.