बावनखोल्यांची शालूबाई

टाकळीच्या पुंजाजींच्या मळ्यातली वांगी नांदुऱ्याच्या बाजारात नावानं विकली जायची. मळा तीन एकरांचाच, पण त्याला गोड्या पाण्याची विहीर होती आणि ती पुंजाजींनी स्वतःच्या हातानं खणलेली होती. गावात कुणाला विहीर खणायची असली की आधी त्यांना बोलावणं यायचं. म्हातारा पागोटं सारखं करून शेतात एक चक्कर मारायचा, एखाद्या झाडाखाली थांबायचा आणि म्हणायचा, इथं खणा. त्यांचा शब्द सहसा खाली पडत नसे.

त्यांची सून शालूबाई हीसुद्धा माळ्याचीच लेक. कुठल्या वाफ्याला पाणी कमी पडलंय हे ती अनवाणी चालताना तळव्यांनी ओळखायची. तिचा नवरा मोतीराम मात्र मळ्यात कधी रमला नाही. त्याला लहानपणापासून यंत्राचा नाद. नांदुऱ्याच्या एका कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत तो हंगामापुरता कामाला लागला आणि त्रेसष्ट सालच्या दिवाळीनंतर मालकानं त्याला कायम केलं. चार गड्यांबरोबर एका खोलीत राहायचा, शनिवारी सायकल मारत घरी यायचा.

असंच चाललं असतं. पण त्यांची कोकिळा चौथीत पहिली आली आणि टाकळीची शाळा चौथीलाच संपत होती. उत्तमराव गुरुजी घरी आले, ओट्यावर बसले आणि म्हणाले की ही पोरगी घरात बसवली तर मला फार वाईट वाटेल. शालूबाईला स्वतःला अक्षर येत नव्हतं. गुरुजी गेल्यावर ती बराच वेळ भाजी निवडत बसली, आणि निवडलेली भाजी पुन्हा न निवडलेल्यात टाकत राहिली.

कोकिळेला नांदुऱ्याला ठेवायचं तर सगळ्यांनी तिथं राहायला हवं होतं. बऱ्या आळीतली खोली फॅक्टरीतल्या गड्याच्या आवाक्यातली नव्हती. मिळत होती ती फक्त बावनखोल्यांत. रुळांच्या पलीकडे एका ठेकेदारानं कधीकाळी मजुरांसाठी टिनाच्या बावन्न खोल्या बांधल्या होत्या. ठेकेदार मेला, खोल्या उरल्या. तिथं हातभट्टी होती, पत्त्यांचे अड्डे होते, आठवड्याला एखादं डोकं फुटायचं. नांदुऱ्यातले लोक त्या वस्तीचं नाव काढताना आवाज खाली आणायचे.

पुंजाजींनी ऐकलं आणि हातातली चिलीम खाली ठेवली.

“आपल्या घरची सून बावनखोल्यांत राहीन? मंग मले पागोटं घालून गावात फिराची सोय नाही राह्यत.”

मोतीरामला बायको-पोरगी जवळ हवी होती, पण त्या वस्तीत आणायची हिंमत होत नव्हती. शालूबाईनं पदर डोक्यावर सारखा केला.

“वांगं घेतलं तरी लोक उलटंपालटं करून पाह्यतात, मामाजी. हे तं घर हाये. मले एकडाव पाहून येऊ द्या.”

सोबत येतो म्हणणाऱ्या मोतीरामला तिनं नको म्हटलं. पुरुष बरोबर असला की बाया तोंड उघडत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती निघाली, डोक्यावर टोपलं घेऊन. टोपल्यात वांगी, मेथीच्या जुड्या, थोडी अंबाडी. भाजीवालीला कुठल्याही दारात उभं राहता येतं.

रूळ ओलांडून ती आत शिरली आणि पहिल्याच बोळात नाकाला पदर लावावा लागला. गटार नव्हतंच, पाणी वाटेल तिथून वाहत होतं. दोन गडी भर सकाळी एकमेकांच्या आयाबहिणी काढत होते. तिनं हाळी दिली तेव्हा दारादारांतून डोकी बाहेर आली, जणू असा आवाज तिथं कुणी ऐकलाच नव्हता. पाचव्या की सहाव्या दारापाशी एक झिंगलेला माणूस आडवा आला आणि त्यानं सरळ टोपल्यात हात घातला. शालूबाईनं टोपलं मागं ओढलं, त्यानं पुढं ओढलं. एवढ्यात समोरून पाण्याचा हंडा घेऊन येणारी एक धिप्पाड बाई थांबली.

“काऊन बे, बाईमानसाच्या टोपल्यात हात घालतं?”

तिनं हंडा खाली ठेवलासुद्धा नाही. तो माणूस मुकाट बाजूला झाला. ही आशाबाई. सरकी फोडायच्या कामाला जायची, नवरा कधीचाच परागंदा झालेला, दोन पोरी पदरात. तिनं शालूबाईला आपल्या दारात बसवलं, गुळाचा खडा आणि पाणी दिलं. या वस्तीत भाजीवाली येतच नाही, सगळ्या भितात, तू कशी आलीस, असं तिनं विचारलं. शालूबाईनं खरं काय ते सांगून टाकलं.

आशाबाई म्हणाली, “खोटं काऊन सांगू? पोरगी घेऊन येनं सोपं नाही. शिव्या कानावर पडतीन, मारामाऱ्या दिसतीन. पन माह्या दोघी इथंच वाढून राह्यल्या. त्याईले घेऊन मी कुठी जाऊ?”

शालूबाईला त्या बाईचा खरेपणा आवडला. टोपलं रिकामं झालं तरी ती उठली नाही. दुपारभर तिनं वस्ती पाहिली. बाया रूळ ओलांडून लांबून पाणी आणत होत्या, मालगाडी उभी राहिली तर डब्यांखालून वाकून, हंड्यासकट. वस्तीच्या टोकाला एक विहीर होती, पण तिला विहीर म्हणायचं ते केवळ कठड्यामुळे. ठेकेदारानंतर तिचा उपसा झाला नव्हता. राख, चिंध्या, फुटकी मडकी, काय वाटेल ते तिच्यात टाकत लोकांनी ती अर्धी बुजवली होती.

शालूबाई कठड्यावरून वाकली. आतून घाण वास येत होता. पण पूर्वेच्या अंगाला दगडांच्या सांध्यातून उंबराचं एक झाड फुटलेलं होतं, आणि भर उन्हाळ्यात त्याची पानं हिरवीगार होती. त्याच्याभोवतीचे दगड काळे, ओले. तिनं हात लांबवून एक पान तोडलं, चुरगाळलं. मग आशाबाईला विचारलं की याचं पाणी कसं होतं. जुनी माणसं गोड होतं म्हणतात, असं आशाबाई म्हणाली.

संध्याकाळी टाकळीला परतल्यावर तिनं सगळ्यांसमोर सगळं सांगितलं. आधी वाईट ते सांगितलं, त्यातलं काही झाकलं नाही. झिंगलेल्या माणसाचंही सांगितलं. सासू गोजरबाईनं तोंडाला पदर लावला. शेवटी शालूबाई म्हणाली, “हे सारं खरं हाये. पन तिथच्या बाया भेत नाहीत, अन् विहीर जिती हाये, तिच्यातला उंबर हिरवागार हाये. मी जाईन.”

पुंजाजी उठून मळ्याकडे निघाले. दारातून वळून त्यांनी विचारलं, उंबर कोणत्या अंगाला होता? पूर्वेला, ती म्हणाली. ते वळून चालू लागले. बिऱ्हाड हललं तेव्हा निरोप द्यायलाही आले नाहीत.

जूनमध्ये कोकिळेचं नाव शाळेत घालायला शालूबाई स्वतः गेली. पत्ता ऐकून कारकुनाचं पेन थांबलं. माणूस भला होता. पोरीला वर्गात त्रास नको म्हणून स्टेशन रोड लिहितो, म्हणाला.

“बावनखोल्याच लिवा. पोरगी तिथूनच येईन ना रोज?”

कारकुनानं लिहिलं. कोकिळेला वर्गात त्रास झालाच, पहिले दोन महिने कुणी तिच्याशेजारी बसत नव्हतं. सहामाहीला ती गणितात पहिली आली, तेव्हा मुली वही मागायला येऊ लागल्या.

वस्तीनंही त्यांना लगेच आपलंसं केलं नाही. तिसऱ्याच आठवड्यात घरातली पितळी घागर आणि दोन तांबे गेले. मोतीराम म्हणाला, चल परत, माझीच चूक झाली. शालूबाईनं ऐकलं नाही. आशाबाई संध्याकाळी प्रत्येक दारात जाऊन काहीतरी बोलून आली. दोन दिवसांनी घागर उंबऱ्याशी ठेवलेली सापडली. तांबे गेले ते गेलेच.

पुढच्या वैशाखात शालूबाईनं विहिरीचा विषय काढला. आशाबाई आणि दहा-बारा बाया टोपल्या घेऊन जमल्या. पुरुष सावलीत बसून हसत होते. चौथ्या दिवशी त्यांतले काही लाजेनं उठले आणि दोर ओढू लागले. दोन माणसांच्या उंचीइतका गाळ निघाला आणि काम अडलं. दगड सुटत होते, खाली उतरायला कुणी धजेना.

मोतीराम शनिवारी टाकळीला गेला तेव्हा बोलता बोलता त्यानं हे सांगितलं. सोमवारी सकाळी रुळांच्या फाटकातून एक बैलगाडी आत आली. गाडीत जाड दोरांचे नाडे, लाकडी रहाट, पहारी, आणि वर पुंजाजी, डोक्याला पागोटं. गाडीतून उतरून ते थेट विहिरीशी गेले. दगड वाजवून पाहिले, सुटलेल्यांना ओंडक्यांचा टेकू दिला. मग पागोटं काढून त्यांनी सुनेच्या हातात दिलं आणि साठीचा म्हातारा कमरेला दोर बांधून खाली उतरला.

आठ दिवस ते बावनखोल्यांत राहिले. दारासमोर बाजेवर झोपले, आशाबाईच्या घरची ज्वारीची भाकर खाल्ली, शिव्या देणाऱ्या गड्यांना मातीचं काम शिकवलं. सातव्या दिवशी खालून त्यांचा आवाज आला, चिखल उपसणं थांबवा. सगळे कठड्याशी गोळा झाले. तळात पूर्वेकडून पाण्याची बारीक धार सुटली होती. पुंजाजी वर आले ते डोक्यापासून पायापर्यंत काळे. त्यांनी बादलीतून वर आणलेलं पाणी निवळू दिलं, चाखलं, आणि सुनेकडे पाहिलं.

“गोड हाये,” ते म्हणाले. “पोरी, तुले पानी दिसते.”

त्यांनी आजवर हे कुणाला म्हटलं नव्हतं, पोटच्या पोरालाही नाही. हातातलं पागोटं शालूबाईनं झटकलं आणि त्यांच्यापुढे धरलं.

विहीर झाली म्हणून बावनखोल्या सुधारल्या असं नाही. भट्टी पुढं कितीतरी वर्षं चालली आणि डोकी फुटत राहिली. पण रूळ ओलांडून पाणी आणणं सुटलं. सांडपाण्यावर शालूबाईनं वाफे केले, आणि तिचं पाहून आणखी सात-आठ जणींनी. आशाबाईनं धाकटीला कोकिळेबरोबर शाळेत धाडलं. मोतीराम फिटर झाला, त्याला फॅक्टरीच्या आवारात खोली मिळत होती. त्यानं विचारलं तेव्हा शालूबाई म्हणाली की यंदा मिरची चांगली लागली आहे, एवढा हंगाम जाऊ द्या. असे बरेच हंगाम गेले.

टाकळीच्या पारावर मात्र पुंजाजींना नवा विषय मिळाला होता. विहिरीची जागा दाखवायला कुणी बोलवायला आलं की ते सांगायचे, माझे गुडघे आता चालत नाहीत, नांदुऱ्याला जा. बावनखोल्यांत माझी सून राहते, कुणालाही विचारा, दार दाखवतील.